पबमधली थाप: अद्भुतकथांमध्ये ती आली कुठून आणि तिचं बिल कोण भरतं

ड्रॅगन उडतात, जादूगार विजा पाडतात, मेलेले उठून चालायला लागतात, अशा जगातला एक दारूचा गुत्ता. कोपऱ्यातला म्हातारा पेला टेबलावर आपटून म्हणतो, "तुमच्या वयाचा असताना मी एकट्यानं ड्रॅगन मारलाय." आजूबाजूचे चौघे खो खो हसतात. आता ते हसतात का? त्या जगात ड्रॅगन तर खरेच आहेत.

फँटसीतल्या गुत्त्यातली थाप समजून घ्यायची तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. थाप म्हणजे शक्यतेच्या बाहेरची गोष्ट, ही आपली रोजची व्याख्या. पण जिथे सगळंच शक्य आहे तिथे शक्यतेच्या बाहेर उरतं काय? उत्तर दोन तऱ्हांनी मिळतं आणि त्यातून या कथांची दोन घराणी तयार होतात. एका घराण्यात जग अद्भुत असतं आणि पब साधा असतो. तिथे ड्रॅगनवर शंका घेत नाहीत, म्हाताऱ्यावर घेतात. दुसऱ्या घराण्यात पब तुमच्याआमच्या लंडन-न्यूयॉर्कमधला असतो आणि अद्भुत फक्त सांगणाऱ्याच्या तोंडातून येतं. तिथे शंका जगावरच असते. दोन्हींचा उगम वेगळा आहे. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी सापडते, ती म्हणजे थापेला किंमत असते आणि ती कुणीतरी मोजतं. जेवण, दारू, सिगारेट, नाणी, कधी स्वतःचा जीव. ही देवाणघेवाण नजरेसमोर ठेवली की बाकीची यंत्रणा आपोआप उलगडते.

मधाची दारू आणि पहिला शंकेखोर

पहिल्या घराण्याचं मूळ बघायला बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्याइतकी चांगली जागा नाही. 3,182 ओळींचं हे काव्य आज एकाच हस्तलिखितामुळे टिकून आहे, आणि ते हस्तलिखित साधारण इसवी सन 1000 च्या आसपासचं आहे. डेन लोकांचा राजा ह्रोथगार याच्या हेओरोट नावाच्या दरबारात मधाची दारू चालू असते. ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री येऊन माणसं खातो, त्याला मारायला परदेशातून बेओवुल्फ आलेला असतो. राजाच्या पायाशी बसलेला उन्फर्थ तोंड उघडतो आणि विचारतो, ब्रेकाबरोबर समुद्रात पोहण्याची पैज लावणारा बेओवुल्फ तो तूच का? सात रात्री पोहलात, आणि तो तुझ्यापेक्षा सरस ठरला.

बेओवुल्फचं उत्तर बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आधी तो म्हणतो, मित्रा उन्फर्थ, बिअर चढल्यामुळे तू ब्रेकाबद्दल बरंच बोललास. म्हणजे साक्षीदाराची विश्वासार्हता पहिल्याच वाक्यात उडवली. मग आकडा दुरुस्त केला: आम्ही पाच रात्री बरोबर होतो, नंतर लाटांनी ताटातूट केली. मग हकिकत वाढवली: जलराक्षसांनी मला तळाशी ओढलं, मी तलवारीनं नऊ मारले. आणि शेवटी उलटा वार: तू सांगतोस तितका शूर असतास तर ग्रेंडेलनं तुझ्या राजाचं इतकं नुकसान केलं नसतं.

या भांडणात समुद्रात राक्षस असतात की नाही यावर कुणी ब्र काढत नाही. उन्फर्थचा आक्षेप फक्त माणसाच्या ताकदीवर आहे. गुत्त्यातला म्हातारा आणि त्याला हसणारे चौघे थेट इथून आलेत. अद्भुत जगात थाप जातीची नसते, मापाची असते. ड्रॅगन आहे, पण तू मारलास? एकट्यानं? कुठल्या तलवारीनं?

किंमतही इथे लगेच कळते. जुन्या इंग्रजीत अशा फुशारकीला 'बेओत' असा शब्द होता आणि त्यात बढाई आणि प्रतिज्ञा दोन्ही यायचं. पेला हातात घेऊन चारचौघांत बोललास म्हणजे ते करून दाखवायला बांधला गेलास. राणी वेआल्थेओ पेला घेऊन फिरते, बेओवुल्फ बोलतो, आणि त्याच रात्री ग्रेंडेल दाराशी येतो. बिल हातोहात समोर आलं.

जो "खोटं" म्हणेल तो जेवण देईल

थापेचा करार सगळ्यात काटेकोरपणे मांडलेला ग्रंथ मात्र युरोपातला नाही. तो आपल्या भाषेच्या पूर्वजभाषेत, महाराष्ट्री प्राकृतात आहे. आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्रसूरी यांचं 'धूर्ताख्यान'. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे प्राकृताचे पंडित आ. ने. उपाध्ये यांनी त्याचा इंग्रजीत सविस्तर अभ्यास लिहिला. तरीही हे पुस्तक मराठी वाचकाला जवळजवळ ठाऊकच नाही, आणि हे फार वाईट आहे, कारण जगातल्या थापांच्या बैठकींमध्ये इतकी घट्ट रचना क्वचित सापडते.

उज्जैनबाहेरच्या उद्यानात पाच धूर्तांच्या टोळ्या अडकून पडल्यात. पावसाची झड लागलीय, गारठा आहे आणि पोटात कावळे ओरडतायत. म्होरके पाच: मूलश्री, कंडरीक, एलाषाढ, शश आणि खंडपाना. यातली खंडपाना ही बाई. प्रश्न एकच, की सगळ्यांना जेवायला कोण घालणार? मूलश्री तोडगा काढतो. प्रत्येकानं आपला स्वतःचा अनुभव म्हणून एक गोष्ट सांगायची. ऐकून जो "हे खोटं" म्हणेल त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. जो रामायण, महाभारत, पुराणं यांतले दाखले देऊन ती गोष्ट खरी ठरवेल त्याला काहीच द्यावं लागणार नाही.

मूलश्री सांगतो, तरुणपणी हातात कमंडलू घेऊन जाताना रानहत्ती मागे लागला. लपायला जागा नव्हती, म्हणून कमंडलूत शिरलो. हत्तीही मागोमाग आत आला. सहा महिने आत पळापळ चालली. शेवटी मी तोटीतून बाहेर निसटलो, हत्तीही निघाला, पण त्याच्या शेपटीचा एक केस तोटीत अडकला. ऐकणारा गडबडत नाही. तो म्हणतो, सारं विश्व विष्णूच्या पोटात मावतं, तर कमंडलूत एक हत्ती का मावू नये?

हरिभद्रांना यातून पुराणकथांवर टीका करायची होती आणि ते ती लपवत नाहीत. पण कथातंत्राच्या दृष्टीनं त्यांनी साधलंय ते विलक्षण आहे. एरवी थापेला धोका असतो तो शंकेखोराचा. इथे शंकेखोराच्याच तोंडाला कुलूप लागलं, कारण शंका घेतली की बिल त्याच्यावर. त्यामुळे ऐकणाराच थापेचा वकील बनतो.

शेवटी खंडपाना हा डाव मोडते. तिच्या गोष्टीत ती राजाचे कपडे धुणाऱ्या परटाची मुलगी असते. धुवायला नेलेले कपडे वाऱ्यानं उडून जातात, तिचे नोकर पळून जातात. त्या नोकरांना आणि त्या कपड्यांना मी तेव्हापासून शोधतेय, असं सांगून ती समोरच्या चौघांकडे बघते: ते नोकर तुम्हीच, आणि अंगावर घातलेत ते कपडे माझेच. गोष्ट खरी म्हणाल तर तुम्ही माझे दास, आणि खोटी म्हणाल तर जेवण द्या.

लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या साच्याला 1920 एफ असा क्रमांक आहे: "जो खोटं म्हणेल त्यानं दंड भरायचा". त्या शीर्षकाखाली अनेक देशांतल्या कथा गोळा झाल्या आहेत. बहुतेकांत शेवटची खेळी खंडपानेचीच असते. सांगणारा असं काही सांगतो की खरं म्हटलं तरी ऐकणाऱ्याचं नुकसान आणि खोटं म्हटलं तरी.

सराईच्या मालकाचा हिशेब

इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या यात्रेकरूंकडे याच नजरेनं बघा. चौदाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या सदर्क भागातली टॅबर्ड ही सराई. मालक हॅरी बेली जमलेल्या यात्रेकरूंपुढे योजना मांडतो: प्रत्येकानं जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या, सर्वांत चांगली सांगेल त्याला बाकीच्यांच्या खर्चानं रात्रीचं जेवण, आणि तेही याच सराईत. जो मालकाचा निवाडा मानणार नाही त्यानं सगळ्यांचा प्रवासखर्च भरायचा. योजना अर्धवटच राहिली, आज 24 कथा मिळतात. पण मालकाचा हिशेब चोख आहे. परतीचं गिऱ्हाईक आत्ताच पक्कं झालं.

हे फक्त पुस्तकातलं नाही. सराई किंवा पब ही अशी जागा आहे जिथे अनोळखी माणसं एका छपराखाली काही तास बसतात, आणि सकाळी आपापल्या वाटेला लागतात. घरच्या माणसाला थाप मारली तर ती उद्या अंगाशी येते. गावच्या पारावर मारली तर पिढ्यान्‌पिढ्या नावाला चिकटते. सराईतल्या थापेची शहानिशा करायला कुणी मागे राहत नाही. शिवाय दूरच्या बातम्याही याच टेबलावर येतात. खरी बातमी आणि थाप एकाच तोंडून, एकाच आवाजात आली की ऐकणाऱ्याला वेगळं करायला काहीच साधन नसतं. म्हणून लेखकांना ही जागा इतकी सोयीची पडते.

प्रवासी, बॅरन आणि गोठलेलं शिंग

आता दुसरं घराणं. इथे आपल्या साध्या जगातला माणूस उठतो आणि अशक्य प्रवास केल्याचं सांगतो. दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियननं 'खरी हकिकत' या नावाखाली चंद्रावरची लढाई आणि देवमाशाच्या पोटातली वस्ती वर्णन केली. सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलं की यात एकच खरी गोष्ट आहे, ती म्हणजे मी खोटं बोलतोय. प्रवासवर्णनं लिहिणारे खोटं बोलून वर खरेपणाचा आव आणतात याची त्याला चीड होती.

पण आज 'थापाड्या' म्हटलं की युरोपला आठवतो तो बॅरन म्युन्शहाउझेन. हा खरा माणूस होता. जर्मनीतल्या बोडेनवेर्डर गावचा, 1720 ते 1797. रशियाच्या नोकरीत लढाया पाहून आला आणि निवृत्तीनंतर पाहुण्यांना जेवणानंतर शिकारीच्या, युद्धाच्या गोष्टी रंगवून सांगायचा. त्याच्या नावाशी जोडलेल्या काही गोष्टी 1781 मध्ये एका जर्मन विनोदसंग्रहात आल्या. मग रुडॉल्फ एरिक रास्पे या जर्मन विद्वानानं 1785 मध्ये इंग्लंडमध्ये, इंग्रजीत, स्वतःचं नाव न घालता पुस्तक छापलं. कासेलच्या राजसंग्रहातली रत्नं चोरल्याच्या प्रकरणात तो देश सोडून पळालेला होता. पुढच्या वर्षी ब्युर्गर या कवीनं ते वाढवून परत जर्मनमध्ये आणलं. घरच्या जेवणाच्या टेबलावरची थाप पाच वर्षांत पुस्तक बनून दोन देश फिरली, आणि खरा बॅरन मात्र उरलेलं आयुष्य थापाड्या म्हणून ओळखला गेला.

त्यातली एक गोष्ट बघा. रशियातल्या कडाक्याच्या थंडीत टपालगाडीवाला शिंग वाजवतो, आवाजच निघत नाही. मुक्कामाच्या सराईत शिंग चुलीजवळच्या खुंटीला टांगलं, आणि थोड्या वेळानं ते आपोआप वाजायला लागलं. आत गोठलेले सूर वितळून बाहेर पडत होते. गंमत कशात आहे? थंडीनं पाणी गोठतं, उबेनं वितळतं, हे खरं. शिंगात तोंडाची वाफ गोठते, हेही खरं. फक्त वाफेच्या जागी सूर बसवले. बाकी सगळं जसंच्या तसं. आणि ही कल्पनाही बॅरनची नव्हे. थंडीत शब्द गोठतात आणि उन्हाळ्यात ऐकू येतात अशा एका शहराची गंमत प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कनं नोंदवून ठेवली होती. थापा अशाच फिरत असतात. मराठीत ताज्या थापेला 'लोणकढी' म्हणतात, लोणी नुकतं कढवून काढलेल्या तुपासारखी. पण लोणी मात्र बहुतेक वेळा जुन्याच दुभत्याचं असतं.

अमेरिकेनं यात एक महत्त्वाची भर घातली: सांगणाऱ्याचा चेहरा. मार्क ट्वेननं 1865 मध्ये उड्या मारणाऱ्या बेडकाची कथा छापली, तीही खाणकामगारांच्या वस्तीतल्या मोडकळीस आलेल्या गुत्त्यात सांगितलेली. पुढे 1895 च्या एका लेखात त्यानं नियम मांडला: विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगायची, आपल्या बोलण्यात काही हसण्यासारखं आहे याची पुसटशी शंकासुद्धा आपल्याला असल्याचं दिसता कामा नये.

व्हिस्कीच्या घोटापासून हॅरी पर्व्हिसपर्यंत

हे सगळे धागे विसाव्या शतकात आयर्लंडचा लेखक लॉर्ड डनसेनी यानं एकत्र वळले. 1920 च्या दशकात त्यानं जोसेफ जॉर्किन्स हे पात्र उभं केलं. लंडनमधला बिलियर्ड्स क्लब, दुपारची वेळ, आणि एक वयस्क सभासद ज्याला कुणी मोठी व्हिस्की पाजली की तो आफ्रिकेतल्या, नाहीतर थेट मंगळावरच्या गोष्टी सांगतो. 1931 ते 1954 या काळात जॉर्किन्सची पाच पुस्तकं निघाली. टर्बट नावाचा सभासद कायम चूक पकडायला टपलेला. पुरावा दर वेळी असतो आणि दर वेळी हातातून निसटतो. डनसेनीची खरी हुशारी या निसटण्यात आहे. वाचकाला 'खोटं' असं सिद्ध करता येत नाही आणि 'खरं' असंही म्हणता येत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये विनोदी लेखक वुडहाउसनं मिस्टर मुलिनर या पात्राला पबात बसवलं आणि ऐकणाऱ्यांना नावंच दिली नाहीत. त्यांची ओळख त्यांच्या पेल्यातल्या पेयावरून. कथा अद्भुत नव्हत्या, पण युक्ती पुढच्या लेखकांच्या कामाची होती. श्रोत्यांची ओळखपाळख करून देण्यात पानं जात नाहीत.

विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क डनसेनीचा चाहता, दोघांचा पत्रव्यवहारही होता. लंडनच्या फेटर लेनमधल्या व्हाइट हॉर्स या पबात दर गुरुवारी विज्ञानकथांचे लेखक आणि वाचक जमत. क्लार्कनं त्या पबाला व्हाइट हार्ट नाव देऊन हॅरी पर्व्हिस हा बोलका गिऱ्हाईक तिथे बसवला. 15 कथांचं ते पुस्तक 1957 मध्ये आलं. त्याआधी 1953 मध्ये अमेरिकेत डी कँप आणि प्रॅट यांच्या गॅव्हगन बारच्या कथांचं पुस्तक आलं होतं. तिथे मिस्टर कोहन नावाचा बारवाला शांतपणे पेले भरतो. 1973 पासून स्पायडर रॉबिन्सननं आपल्या कथांमधून कॅलहनचा बार चालवला. तिथे मनातलं बोलून टाकायचं आणि पेला शेकोटीत फोडायचा ही रीत, आणि थापांसाठी आठवड्यातली एक रात्र राखून ठेवलेली.

भारतात हे घराणं पबाशिवाय वाढलं. बंगालीत प्रेमेंद्र मित्र यांनी 1945 मध्ये घनादा या थापाड्या पात्राची पहिली कथा लिहिली, मच्छरावरची. कलकत्त्याच्या 72, बनमाली नस्कर लेन या पत्त्यावरची पुरुषांची मेस ही बैठकीची जागा. व्हिस्कीच्या जागी मेसमधल्या शिशिरच्या डब्यातली सिगारेट, तीही उधार, आणि उधारीचा आकडा चोख ठेवलेला. जॉर्किन्सचा पेला आणि घनादाची सिगारेट कथेत एकच काम करतात. पहिला झुरका गेला की गोष्ट सुरू, आणि ऐकणाऱ्यांना माहीत असतं की आपण पैसे मोजून थाप विकत घेतोय.

एक थाप उघडून बघू

क्लार्कच्या त्या पुस्तकातली पहिली कथा एका आवाज गिळणाऱ्या यंत्राची आहे. तिचे सांधे मोकळे केले की हे काम कसं चालतं ते स्पष्ट दिसतं.

ध्वनी म्हणजे हवेतली लाट, तिला उंचवटे आणि खळगे असतात. हे शाळेत शिकलेलं असतं. पुढचं: एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बरोबर आला तर दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. हेही खरं. मग: आवाज मायक्रोफोननं टिपायचा, उलटा करायचा आणि लाउडस्पीकरमधून सोडायचा, म्हणजे शांतता. तेही खरं, इतकं खरं की पॉल ल्यूग या जर्मन माणसाला 1936 मध्ये अमेरिकेत याच कल्पनेचं पेटंट मिळालं होतं. आजचे आवाज दाबणारे हेडफोन याच तत्त्वावर चालतात. तीन पायऱ्या भक्कम आहेत.

मग चौथी येते. पुसलेल्या आवाजाची ऊर्जा गेली कुठे? प्रश्न इतका रास्त आहे की वाचक मान डोलावतो. कथा म्हणते, ती यंत्रात साठत जाते. आणि शेवटी यंत्राचा स्फोट होतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. एका जागी लाटा पुसल्या गेल्या की दुसऱ्या जागी त्या बळावतात, किंवा लाउडस्पीकर बाहेर टाकत असलेली ऊर्जाच घटते. शिवाय साध्या बोलण्याच्या आवाजातली ऊर्जा इतकी किरकोळ असते की ती साठवून स्फोट घडवायचा तर फार काळ बडबड करावी लागेल. पण हे वाचताना सुचत नाही, कारण ऊर्जा नष्ट होत नाही हा नियम आपल्याला पाठ असतो. थाप बसते ती अशा पाठ असलेल्या नियमाच्या खांद्यावर.

म्हणून लिहिणाऱ्यानं पहिल्या तीन पायऱ्यांवर कंजूषी करू नये. थापेची पायरी एकच असावी आणि ती शेवटून दुसरी असावी. शेवटच्या पायरीवर परिणाम येतो, आणि परिणाम तर्कानं आपोआप घडल्यासारखा दिसला पाहिजे. दोन ठिकाणी खोटं घातलं की वाचक पहिल्यालाच थांबतो आणि दुसऱ्याकडे पोचत नाही.

आकडे गोळाबेरीज नकोत. बेओवुल्फ "पुष्कळ राक्षस" म्हणत नाही, नऊ म्हणतो, आणि समोरच्याच्या सात रात्री पाचावर आणतो. स्वतःच्या बाजूचा आकडा कुठेतरी कमी करणारा माणूस प्रामाणिक वाटतो.

शंकेखोर बावळट केला की कथा तिथेच बसते. त्याचा आक्षेप वाचकाच्या मनातलाच हवा आणि वाचकाच्या क्षणभर आधी यायला हवा. टर्बटनं विचारलं की आपण विचारायचं थांबतो. तीन-चार पानांच्या कथेत असे दोन-तीन आक्षेप पुरतात. पहिला फालतू, सहज खोडता येणारा. शेवटचा खरोखर अडचणीचा, आणि त्याला उत्तर मिळण्याआधी बार बंद व्हायची घंटा वाजावी, नाहीतर सांगणाऱ्यानं पेला संपवून टोपी उचलावी.

पुराव्याबाबत नवशिके हमखास घसरतात. शेवटी सांगणारा खिशातून ड्रॅगनचा दात काढून टेबलावर ठेवतो आणि सगळे अवाक होतात. एकदा दात निघाला की ती थाप उरत नाही, बातमी होते. ऐकणाऱ्यांनी मोजलेल्या पेल्याचा सौदा संपतो. पुरावा दाखवायचाच असेल तर असा दाखवावा ज्याचा दुसराही अर्थ निघतो: दात आहे, पण तो मगरीचाही असू शकतो, आणि म्हाताऱ्याचा भाऊ चामड्याचा व्यापारी होता हे बारवाल्याला माहीत आहे.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत यायचं तर, संपूर्ण कल्पित जगात पब घालणाऱ्यानं थापेच्या आधी त्या जगाची पट्टी दाखवायलाच हवी. ड्रॅगन केवढा असतो, त्याला मारायला सहसा किती माणसं लागतात, शेवटचा कधी दिसला. हे दोन-चार वाक्यांत, दुसऱ्याच निमित्तानं आलेलं बरं. खाटीक म्हणतो, गेल्या वर्षी चाळीस जण गेले होते, अकरा परत आले. नंतर म्हातारा "एकट्यानं" म्हणाला की वाचकाला हसण्याचं कारण न सांगता कळतं. पट्टीच नसेल तर थाप आणि खरी हकिकत यांत फरक करता येत नाही, आणि बऱ्याच जाडजूड फँटसी कादंबऱ्यांमधले गुत्ते याच कारणानं निर्जीव वाटतात.

फासा टाकून मिळणारी अफवा

आजच्या फँटसीत गुत्ता इतका ठरलेला झाला याला मोठं कारण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा 1974 मध्ये आलेला खेळ. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि एकजण खेळ चालवतो. खेळाडूंची पात्रं एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांना एकत्र आणायचं, कामाला लावायचं, माहिती द्यायची. सराईशिवाय सोपी जागा कोणती? गॅरी गायगॅक्सनं 1970 च्या दशकाच्या अखेरीस नवशिक्यांसाठी लिहिलेल्या, सीमेवरच्या गढीच्या साहसकथेत अफवांचं एक कोष्टक दिलं: वीस अफवा, वीस बाजूंचा फासा. प्रत्येकीपुढे खरी की खोटी याची खूण, पण ती खूण फक्त खेळ चालवणाऱ्याला दिसते.

त्यातली एक अफवा खेळाडूंच्या पिढ्यांना पाठ आहे: गोब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या भाषेत 'ब्री-यार्क' म्हणजे 'आम्ही शरण आलो'. ही खोटी. गुहेत गोब्लिन ही आरोळी ठोकतात ती बाकीच्यांना मारामारीला बोलावण्यासाठी. पबात ऐकलेल्यावर विसंबून ज्यांनी तलवार खाली केली त्यांच्यावर सगळी गुहा धावून येते. थापेची किंमत इथे बेओवुल्फसारखीच अंगावर मोजावी लागते, फक्त सांगणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्यानं.

खेळ चालवणाऱ्यांनी ही रचना जशीच्या तशी वापरावी, पण एक पथ्य पाळावं. सगळ्या अफवा खोट्या निघाल्या तर खेळाडू पबात कुणाशी बोलणंच सोडतात, आणि सगळ्या खऱ्या निघाल्या तर म्हातारा म्हणजे चालती-बोलती माहितीपुस्तिका होते. खरीचं पारडं थोडं जड असलेलं चांगलं. खोटी अफवासुद्धा खऱ्या जागेकडे नेणारी हवी: गुहा आहे, गोब्लिन आहेत, आरोळीही आहे, अर्थ तेवढा उलटा.

1998 मध्ये जेम्स वॉलिस यांनी बॅरनच्याच नावानं एक खेळ काढला, त्यात फासे जवळपास नाहीतच, फक्त नाणी. जितके खेळाडू तितकी नाणी प्रत्येकाकडे. एकजण दुसऱ्याला विषय देतो: बॅरन, तुम्ही अमुक अशक्य गोष्ट कशी केलीत ते सांगा. सांगणाऱ्यानं तिथल्या तिथे सुरू करायचं. ऐकणारा मध्येच नाणं पुढे सरकवून आक्षेप घेतो: पण त्या दिवशी नदीला पूर होता ना? सांगणाऱ्याला आक्षेप पटला तर नाणं खिशात घालायचं आणि पूर गोष्टीत ओवायचा. पटला नाही तर आपलं एक नाणं त्यावर ठेवून दोन्ही परत ढकलायची आणि समोरच्याच्या अज्ञानावर एखादी तिखट टिप्पणी करायची. तो गप्प बसला तर दोन्ही नाणी त्याची. नाहीतर रक्कम वाढत जाते.

शेवटी प्रत्येकजण आपली उरलेली नाणी सर्वांत चांगली थाप मारणाऱ्यापुढे ठेवतो. ज्याच्यापुढे ढीग मोठा तो जिंकला, आणि त्यानं त्या पैशातून सगळ्यांना पाजायची. उज्जैनच्या उद्यानातही असंच झालं होतं. खंडपाना जिंकली, चौघांनी हार मानली, आणि पाऊस थांबल्यावर सगळ्या टोळ्यांच्या जेवणाची सोय तिनंच केली.